क्रमांक, साक्षीदार आणि दप्तर : जुन्या रिव्हॉल्व्हरचा इतिहास कसा सिद्ध होतो?

१/ सावंतवाडीसारख्या जुन्या संस्थानी गावात शस्त्रांच्या कथा पुष्कळ ऐकू येतात. एका घरातील रिव्हॉल्व्हर ‘बंडातले’ असते, दुसऱ्या घरातील ‘महाराजांनी बक्षीस दिलेले’, तर तिसरे ‘मेसोपोटेमियाच्या लढाईतून आलेले’. या कथा खोट्याच असतात असे नाही. परंतु कथेचा इतिहास होण्यासाठी पुराव्याची साखळी लागते. शस्त्र कोठे घडले, कोणी विकले, कोणी वापरले आणि कोणाकडून कोणाकडे गेले, हे तिचे दुवे. ती साखळी कशी जुळवतात, आणि जुळली म्हणजे माणसांच्या आयुष्यात काय घडते, याचा हा मागोवा.

२/ सावंतवाडीच्या बाबतीत या कथांना आधारही भरपूर आहे. सावंत-भोसल्यांच्या या संस्थानाची दक्षिण सीमा पोर्तुगीज गोव्याला भिडलेली होती. १८४४ मध्ये कोल्हापूरच्या गडकऱ्यांच्या उठावापाठोपाठ येथेही फोंड सावंत तांबुळकर यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांविरुद्ध उठाव झाला. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींत कोकणातील तरुण मोठ्या संख्येने होते. खुद्द बापूसाहेब महाराज म्हणजे पाचवे खेम सावंत मेसोपोटेमियात होते. म्हणूनच येथे प्रत्येक कथा प्रथमदर्शनी शक्य वाटते आणि म्हणूनच ती तपासणे भाग पडते.

३/ पहिली तपासणी सर्वांत सोपी आणि सर्वांत निर्दय : जे शस्त्र त्या काळी जन्मलेच नव्हते, ते त्या लढाईत असू शकत नाही. सॅम्युएल कोल्टने फिरत्या नळकांड्याच्या शस्त्राचे पेटंट अमेरिकेत १८३६ मध्ये घेतले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम्सचे रिव्हॉल्व्हर १८५१ चे. हिंदुस्थानातील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला ही शस्त्रे दिसू लागली ती त्यानंतर. तेव्हा ‘१८४४ च्या बंडातील रिव्हॉल्व्हर’ ही कथा फार दुर्मीळ अपवाद सोडता काळाच्या कसोटीवर टिकत नाही. १८५७ च्या कथेला निदान जागा तरी आहे.

४/ दुसरी तपासणी नावाची. मराठीत हातातील प्रत्येक लहान शस्त्राला सर्रास ‘रिव्हॉल्व्हर’ किंवा ‘पिस्तूल’ म्हटले जाते. पण रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहा गोळ्यांचे नळकांडे फिरते. स्वयंचलित पिस्तुलात गोळ्या मुठीतील किंवा मुठीपुढील पेटीतून वर चढतात. जुन्या बातम्या, आठवणी आणि चरित्रे यांत हे दोन शब्द अदलाबदलीने येतात. ‘रिव्हॉल्व्हर’ या शब्दावर विसंबून शोध घेतल्यास संशोधक पहिल्याच पायरीवर भलत्या शस्त्रामागे जातो. पुढे येणाऱ्या तिन्ही गाजलेल्या प्रकरणांतील शस्त्रे वस्तुतः पिस्तुले होती, हे येथेच नोंदवलेले बरे.

५/ तिसरी तपासणी भरण्याच्या रीतीची. सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू आणि शिशाची गोळी नळकांड्याच्या प्रत्येक घरात ठासून मागे तांब्याची टोपी बसवीत. पुढे धातूचे काडतूस आले. ब्रिटिश सैन्याने वेबली रिव्हॉल्व्हर १८८७ मध्ये स्वीकारले आणि त्याचा सहावा नमुना १९१५ मध्ये निघाला. म्हणजे घराण्याची कथा १८५७ ची आणि हातातील शस्त्र सहाव्या नमुन्याचे असेल, तर कथा किंवा शस्त्र यांपैकी एक बदललेले आहे. पुष्कळदा कथा खरी असते. मूळ शस्त्र हरवून त्याच्या जागी दुसरे आलेले असते.

६/ चौथी तपासणी शिक्क्यांची. ब्रिटनमध्ये विक्रीपूर्वी प्रत्येक नळीतून जादा दारूचा बार काढून तिची ताकद पाहत आणि मग शिक्का मारीत. लंडनमध्ये हा अधिकार बंदूककारांच्या संघाकडे १६३७ पासून, तर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाकडे १८१३ पासून. १९०४ पूर्वी बर्मिंगहॅमच्या शिक्क्यात मुकुटाखाली दोन तिरपे राजदंड दिसतात. त्यानंतर खाजगी शस्त्रांवर मुकुटाखाली अक्षरे येतात. नखाएवढ्या या खुणेवरून शस्त्राचा काळ पुष्कळदा काही दशकांच्या आत आणता येतो. सँडपेपरने घासून चकचकीत केलेले शस्त्र मात्र आपला जन्मदाखलाच गमावून बसते.

७/ बेल्जियममधील लिएज शहराचा शिक्का वेगळा : अंडाकृतीत ई. एल. जी. ही अक्षरे व तारा. १८९३ पासून त्यावर मुकुट. वेबलीच्या ‘बुलडॉग’ नावाच्या आखूड रिव्हॉल्व्हरच्या असंख्य स्वस्त नकला लिएजमध्ये झाल्या आणि जगभर पसरल्या. सावंतवाडीत असे रिव्हॉल्व्हर आढळले, तर ते मुंबईच्या दुकानातून आले की सीमेपलीकडून, असा प्रश्न विचारता येतो. ब्रिटनमार्गे आलेल्या शस्त्रावर ब्रिटिश चाचणीचा शिक्काही मिळण्याचा संभव अधिक. अर्थात तो नसणे हा तस्करीचा पुरावा नव्हे. तो केवळ पुढील शोधाचा धागा.

८/ पाचवी खूण बाणाची. बाणाच्या पात्यासारखे तीन रेघांचे चिन्ह म्हणजे सरकारी मालमत्ता. त्याखाली ‘आय’ हे रोमन अक्षर असेल, तर ती हिंदुस्थान सरकारची. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण असतील, तर सरकारने ते शस्त्र रीतसर निकाली काढून विकलेले. ‘आजोबांनी पलटणीतून आणले’ या कथेची कसोटी येथे लागते. रिव्हॉल्व्हर हे प्रामुख्याने अधिकाऱ्याच्या कमरेचे शस्त्र. शिपायाच्या हाती रायफल असे. म्हणून आजोबांचा हुद्दा, पलटण आणि सेवामुक्तीचा कागद हे तिन्ही बाणाच्या खुणेशी ताडून पाहावे लागतात.

९/ एवढे झाले तरी धातू फक्त जन्म सांगतो. आयुष्य सांगत नाही. कारखाना, वर्ष, बोअर आणि क्रमांक इतके कळते; ते कोणाच्या हातात होते, हे कळत नाही. त्यासाठी शस्त्राबाहेरचा पुरावा लागतो आणि तो तीन वाटांनी येतो : विक्रेत्याच्या वहीतील क्रमांक, प्रत्यक्ष साक्षीदार आणि सरकारी दप्तर. हिंदुस्थानच्या क्रांतिकारी इतिहासात या तिन्ही वाटांचे एकेक ठळक उदाहरण आहे.

१०/ पहिली वाट क्रमांकाची. त्यासाठी क्षणभर कलकत्त्याला जावे लागते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा आणि कंपनी या शस्त्रविक्रेत्यांच्या कारकुनाने जकात कचेरीतून २०२ खोकी सोडवली. गोदामात पोहोचली १९२. उरलेली आणतो असे सांगून तो गेला, तो परतलाच नाही. त्या दहा खोक्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. त्यांची लाकडी पेटी मागे दस्त्यासारखी जोडता येई आणि पिस्तूल बंदुकीप्रमाणे खांद्याला लावून झाडता येई.

११/ चोरांना पिस्तुले मिळाली, पण वही रॉडा कंपनीकडेच राहिली. प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक तिच्यात नोंदलेला होता. त्यामुळे पुढे बंगालमध्ये कोठेही माउझर सापडले की ते ‘त्या पन्नासांतले’ आहे की नाही, हे तत्काळ ठरवता येई. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालानुसार त्यांपैकी ३१ परत मिळाली आणि दरोडे व खून यांच्या ५४ प्रकरणांत त्यांचा वापर झाला. येथे साक्षीदाराची गरज उरली नाही. धातूवरचा आकडा आणि वहीतला आकडा एक झाला की दुवा सिद्ध.

१२/ दुसरी वाट साक्षीदाराची. तिची कथा महाराष्ट्राची आहे. २१ डिसेंबर १९०९. नाशिकचे विजयानंद नाट्यगृह. किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग, मुंबईला बदली झालेले कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त. खेड तालुक्यातील कोकणी कुळाचा, औरंगाबादेत शिकणारा जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा अनंत लक्ष्मण कान्हेरे तेथे आला आणि त्याने जॅक्सन यांना गोळ्या घालून ठार केले.

१३/ जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार आणि लोकपरंपरांचे संग्राहक होते. कोकणातील शाळामास्तरांकडून त्यांनी देवस्थाने, भुतेखेते, रूढी यांविषयी जमवलेली माहिती त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी संपादित करून १९१५ मध्ये कोकण खंडाच्या रूपाने प्रसिद्ध केली. दुसऱ्या बाजूने, बाबाराव सावरकरांना ज्या खटल्यात जून १९०९ मध्ये जन्मठेप झाली, तो न्यायालयाकडे पाठवणारे अधिकारीही तेच होते. नाशिकच्या अभिनव भारताच्या तरुणांच्या दृष्टीने हीच दुसरी बाजू निर्णायक होती.

१४/ कान्हेरे जागीच पकडला गेला. गुन्हेगार कोण, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न शस्त्राचा होता. ब्राउनिंग स्वयंचलित पिस्तूल हे अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंगचे. ते घडे बेल्जियममध्ये, लिएजजवळ हेर्स्टालच्या कारखान्यात. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरवलेला असताना, हे अगदी आधुनिक पिस्तूल नाशिकच्या तरुणांच्या हाती कसे पडले? पोलिसांचा तपास हा त्या अर्थाने एका शस्त्राच्या मालकीच्या साखळीचाच शोध होता. फरक एवढाच की प्रत्येक दुव्यावर एक माणूस अडकत होता.

१५/ ही साखळी उलगडली ती लंडनपर्यंत. हायगेट भागातील ‘इंडिया हाउस’ हे श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ मध्ये सुरू केलेले वसतिगृह. विनायक दामोदर सावरकर तेथे १९०६ पासून राहत. चतुर्भुज अमीन हा तेथील स्वयंपाकी. सावरकरांनी पॅरिसहून वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे मिळवली. चतुर्भुजच्या सामानातील एका पेटीला खोटा तळ बसवून त्यात ती दडवली आणि फेब्रुवारी १९०९ मध्ये त्याला हिंदुस्थानकडे रवाना केले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेटी मुंबईला पोहोचली. जॅक्सन यांच्यावर झाडलेले पिस्तूल त्या विसांपैकीच एक होते.

१६/ हे कळले कसे? पिस्तुलाच्या अंगावर हेर्स्टालचा पत्ता असतो, हायगेटचा नसतो. लंडन ते मुंबई हा दुवा धातूत कोठेही कोरलेला नव्हता. तो पुरवला खुद्द चतुर्भुज अमीनने, माफीचा साक्षीदार होऊन. ज्याने पेटी आणली, त्यानेच ती कोणी दिली हे न्यायालयाला सांगितले. रॉडा प्रकरणात वही बोलली होती. नाशिक प्रकरणात एक स्वयंपाकी बोलला.

१७/ त्याच्या बोलण्याची किंमत मोठी होती. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. नाशिक कटाच्या खटल्यात ३८ आरोपींपैकी २७ दोषी ठरले. सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली होती. डिसेंबर १९१० मध्ये कटाच्या आरोपाखाली त्यांना एक जन्मठेप झाली आणि ३० जानेवारी १९११ रोजी जॅक्सन यांच्या खुनास साहाय्य केल्याबद्दल दुसरी. एकूण पन्नास वर्षे. या दुसऱ्या शिक्षेच्या मुळाशी लंडनहून आलेली ती पेटी होती.

१८/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थबकावे. माफीचा साक्षीदार हा स्वार्थी साक्षीदार असतो : स्वतःची मान सोडवण्यासाठी तो दुसऱ्याची पुढे करतो. मग त्याच्या साक्षीवर विश्वास का ठेवावा? केवळ न्यायालयाने ठेवला म्हणून नव्हे. पुढे सावरकरांच्या चरित्रकारांनीही पिस्तुले पाठवल्याची घटना नाकारली नाही, उलट अभिमानाने नोंदवली. ज्यांचे हेतू परस्परविरुद्ध आहेत असे दोन पक्ष एकाच गोष्टीवर सहमत होतात, तेव्हा तो दुवा भक्कम मानता येतो. घराण्यातील आठवणीलाही हीच कसोटी लावावी : जिला त्या कथेतून काही मिळवायचे नाही, अशी दुसरी साक्ष आहे का?

१९/ तिसरी वाट दप्तराची. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये पोलीस अधिकारी सॉन्डर्स मारला गेला. पहिली गोळी झाडली ती पुणे जिल्ह्यातील खेडच्या शिवराम हरी राजगुरू यांनी. त्यांच्यासमवेत भगतसिंग होते. भगतसिंगांचे अमेरिकन बनावटीचे ३२ बोअरचे कोल्ट स्वयंचलित पिस्तूल खटल्याच्या कागदपत्रांत क्रमांकानिशी नोंदले गेले : १६८८९६. खटला संपला, फाशी झाली, देशाची फाळणी झाली आणि ते पिस्तूल लोकांच्या नजरेआड गेले. गाणी, चित्रे, चित्रपट यांत पिस्तूल होते; प्रत्यक्षात ते कोठे आहे, हे सर्वसामान्यांना ठाऊक नव्हते.

२०/ २०१६ मध्ये जुपिंदरजीत सिंग या पत्रकाराने शोध घेतला तो पिस्तुलाचा नव्हे, आधी कागदाचा. खटल्यातील क्रमांक हाती घेऊन पोलीस दप्तरांतील पाठवणीच्या नोंदी पाहिल्या गेल्या. ती वाट पंजाबातील फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेकडे आणि तेथून १९६९ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्रप्रशिक्षण शाळेकडे गेली. तेथील संग्रहात ते इतर जुन्या शस्त्रांबरोबर काळ्या रंगाखाली पडून होते. रंग काढल्यावर क्रमांक दिसला आणि तो जुळला. आज ते हुसैनीवाला येथील संग्रहालयात आहे.

२१/ तिन्ही प्रकरणांतून एकच गोष्ट स्पष्ट होते. क्रमांकाला जोड देणारा कागद नसेल तर तो निव्वळ आकडा. आणि क्रमांक न नोंदवणारा कागद कोणत्याही शस्त्राला चिकटवता येतो. जुन्या शस्त्रांच्या बाजारात फसवणूक होते ती याच फटीतून. एखाद्या राजाचे किंवा क्रांतिकारकाचे नाव जोडले की किंमत अनेकपट चढते. ‘हे अमक्याचे’ असे सांगणारे पत्र दाखवले जाते. त्या पत्रात क्रमांक मात्र नसतो. पत्र खरे, शस्त्रही खरे, आणि त्या दोहोंचा संबंध तेवढा खोटा, असे सहज घडू शकते.

२२/ आता पुन्हा सावंतवाडी. येथील एखाद्या रिव्हॉल्व्हरचा कागद कोठे शोधावा? सर्वप्रथम घरातच : परवान्याची पुस्तिका, नूतनीकरणाच्या पावत्या, वाटणीपत्रे, सेवामुक्तीचे दाखले. परवान्यावर सामान्यतः शस्त्राचा प्रकार, बोअर व क्रमांक असतो. त्यानंतर सरकारी दप्तर. हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात गेले आणि सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. म्हणून एकाच शस्त्राची नोंद संस्थानच्या, रत्नागिरीच्या आणि सिंधुदुर्गच्या अशा तीन दप्तरांत विखुरलेली असू शकते. संस्थान आणि मुंबई सरकार यांच्यातील पत्रव्यवहारासाठी मुंबईचे पुराभिलेखागार व लंडनमधील ब्रिटिश लायब्ररीत असलेली इंडिया ऑफिसची कागदपत्रे पाहावी लागतात.

२३/ येथे एक सापळा आहे. जुना परवाना मिळाला नाही म्हणजे शस्त्र चोरटे, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानी मुलुखात आपोआप लागू होत नसे. शिवाय संस्थानिकांसारख्या काही वर्गांना १८७८ च्या व्यवस्थेत परवान्यातून सूट होती. ज्यांच्याकडे शस्त्र असणे सर्वांत स्वाभाविक, त्यांच्याच नावाचा परवाना कधी कधी सापडत नाही तो यामुळे. तेथे मग कारखान्याचे विक्रीपत्रक उपयोगी पडते. कोल्ट कंपनी क्रमांकावरून शस्त्र केव्हा व कोणाकडे रवाना झाले, याचे दाखले शुल्क घेऊन देते.

२४/ शोधापूर्वी कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ दुरुस्त करूनही वापरता न येणाऱ्या कालबाह्य किंवा पुरातन महत्त्वाच्या शस्त्राला सूट देते; पण एखादे शस्त्र त्या व्याख्येत बसते की नाही, हे घरमालकाने स्वतःच ठरवायचे नसते. माळ्यावर परवान्याविना रिव्हॉल्व्हर सापडल्यास ते भरलेले आहे असेच समजावे, हात लावू नये, पोलीस ठाण्याला कळवावे आणि तपासणी जाणकाराकडून व्हावी. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो. परवानाधारकाच्या शस्त्राची नोंद करताना ते घासू नये, रंगवू नये, सुटे भाग बदलू नयेत. खुणांची छायाचित्रे तिरप्या उजेडात घ्यावीत; पुसट क्रमांक तसाच दिसतो.

२५/ अखेरीस निष्कर्ष लिहिताना तीन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवावेत : शक्य, संभाव्य, सिद्ध. शस्त्राचा काळ कथेशी जुळला, तर कथा शक्य. हुद्दा, पलटण, स्थळ हेही जुळले, तर संभाव्य. क्रमांकासह कागद मिळाला, तरच सिद्ध. नाशिकची पेटी साक्षींच्या मेळाने सिद्ध झाली, लाहोरचे कोल्ट दप्तराने. सावंतवाडीतील बहुतेक रिव्हॉल्व्हर ‘शक्य’ किंवा ‘संभाव्य’ याच पायरीवर राहतील आणि त्यात कमीपणा काही नाही. घरातील वडीलधारी माणसे आज जे सांगतात ते नाव, साल व सांगणाऱ्याचे नाते यांसह लिहून ठेवले आणि त्याच पानावर शस्त्राचा क्रमांक नोंदवला, तर पुढच्या पिढीतील अभ्यासकाला आज न मिळणारा दुवा त्या पानावर मिळेल.